मधातल्या इंजिनाचा गजभिये

भंडाऱ्याजवळ वरठीच्या रस्त्यावर गुडघे दोन बाजूंना फाकवून, बेडकासारखी सायकल मारत येणारा माणूस तुम्हाला दिसला, तर तो सुखदेव गजभियेच असतो. त्याला पायाचा कसलाही आजार नाही. सायकलच्या दांडीखालच्या त्रिकोणात त्याने तांदळाचं अर्धं पोतं बांधलेलं असतं. मागे चांगलं भक्कम कॅरिअर आहे, पण त्यावर त्याने आयुष्यात रुमालसुद्धा ठेवला नाही.

“गजभियेभाऊ, मागे बांधा ना जी पोतं,” मी एकदा म्हणालो. त्याचा घाम बघून माझाच जीव कासावीस झाला होता.

“वजन मधात पायजे, भाऊ, बरोब्बर मधोमध,” तो धापा टाकत म्हणाला. “मांगं बांधलं का गाडी उलाळते.”

हे वाक्य मी गेली वीस वर्षं ऐकतो आहे. आम्ही दोघं इथल्याच एका कारखान्यात, तो फिटर आणि मी स्टोअरमध्ये कारकून. नट-बोल्ट मागायला आला की पाच मिनिटांचं काम आणि पाऊण तास भाषण. जगात जे जे बिघडतं ते वजन चुकीच्या जागी असल्यामुळे, असं त्याचं ठाम मत. आमच्या भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा आम्ही सगळे हळहळत होतो. हा एकटा खूश! “ऑफिसं सारी इकडे अन् लोकं तिकडे. जिल्हा धुरजड झाला होता. आता बरोबर भरला.”

ज्यांना बंडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलबंडीत तनीस, म्हणजे धानाचा पेंढा, मागे जास्त भरली की जू वर उचललं जातं, ती बंडी उलाळली. पुढे जास्त भरली की सगळा भार बैलांच्या मानेवर, ती धुरजड. एवढीशी गोष्ट, पण गजभियेने तिचा धर्म केला. सुरुवातीला बायकोलाही सायकलच्या दांडीवर बसवून नेत असे. बाई अंगाने भरलेल्या. चौकातली माणसं बघायला लागली तेव्हा उतरल्या आणि म्हणाल्या, “मी पायदल येतो. तुमी मधातच बसा.” तेव्हापासून त्या पायीच जातात. मुलीच्या लग्नात त्याने स्टेज मांडवाच्या बरोब्बर मध्ये घातलं. अर्ध्या वऱ्हाडाला नवरा-नवरीची पाठच दिसली, आणि जेवणं होईपर्यंत लोक कुरकुरत होते.

हे वेड बंडीवरून मोटारगाडीवर कसं गेलं म्हणाल, तर एका जुन्या मासिकामुळे. स्टेशनवर कोणी तरी टाकून दिलेलं गाड्यांचं मासिक याच्या हाती लागलं. त्यात एका बुटक्या लाल गाडीचं चित्र होतं. इंजिन समोर नाही, डिक्कीत नाही, ड्रायव्हरच्या पाठीमागे, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये. गजभियेला साक्षात्कार झाला. ते पान त्याने प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवलं. त्याला गाडी चालवता येत नाही, हे सांगायचं राहिलंच. स्कूटीसुद्धा नाही.

आणि हे सगळं चाललं असतं, आम्ही कान झाकून घेतले असते. पण त्याला डोमाजी भेटला.

डोमाजी कारखान्यात क्रेन चालवायचा. धिवराच्या घरचा, भाऊ अजून नदीत जाळं टाकतो. बोलायला लागला की पक्का तिरसट. कारखान्याच्या फाटकासमोर रूपचंदची चहाची टपरी आहे, तिथे संध्याकाळी सुट्टी झाली की या दोघांची जुंपायची.

“इंजिन म्हंजे बैल,” डोमाजी म्हणायचा. “बैल कुठी जुंपतेत? समोर. तू का बैलाले मांडीवर घेऊन बसशील बे?”

“इंजिन बैल नोहे, डोमा. इंजिन वजन होय. तनीस कुठी भरते तू?”

“तनीस तापते का? मे महिन्यात भंडाऱ्यात पाठीमांगं चुला पेटवून बसशील? पाठ भाजून निघन तुही.”

“मोडावर गाडी वळवून पाह्य समोरच्या इंजिनानं. थोबाड एकीकडे, बूड दुसरीकडे.”

“मी कायले वळू? मले सरळ घरी जायचं हाये. अन् तुह्या गाडीत दोघंच बसतेत. सासू आली त?”

“सासूले एस्टीनं आणावं!”

चहा निवून जायचा. रूपचंद वैतागून म्हणायचा, “अगा, गाडी आहे का कोणाजवळ?” कोणाजवळ नव्हती. दोघंही सायकलवाले. एकानं दुसऱ्याचं ऐकलं असं मात्र वीस वर्षांत एकदाही झालं नाही. “हारलो” हा शब्द गजभियेच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. एकदा तर डोमाजी तापाने फणफणत असताना त्याच्या घरी जाऊन हा वाद घालून आला होता.

तसली गाडी त्यांनी डोळ्यांनी पाहिली ती एकदाच. लाखनीजवळ हायवेवरच्या ढाब्यावर डोमाजीचा भाचा काम करायचा. रविवारी दुपारी त्याचा फोन आला, रायपूरकडे जाणारी एक लाल गाडी जेवायला थांबली आहे, एकदम चपटी. आम्ही तिघं माझ्या मोटरसायकलवर निघालो. कोणी कुठे बसायचं यावरच दहा मिनिटं गेली. शेवटी डोमाजी सगळ्यांत जाड म्हणून त्याला मध्ये बसवलं. तो रस्ताभर शिव्या देत होता.

गाडी होती खरी. मागच्या काचेतून इंजिन दिसत होतं. गजभियेने चप्पल काढली. मी म्हटलं, “अहो, हे काय!” तर म्हणाला, “राहू द्या जी.” डोमाजीने वाकून, दोन्ही तळवे काचेला लावून आत बघितलं. “अबे, एक पोतं धान नाही मावत याच्यात,” तो म्हणाला. पण आवाज जरा खाली आला होता.

मग गजभियेने जे केलं ते दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसाला सुचलं नसतं. बंडी भरून झाली की बैल जुंपायच्या आधी आपण जू हातांनी उचलून भार पाहतो ना, तसं त्याने त्या लाखमोलाच्या गाडीचं नाक दोन्ही हातांनी खालून धरलं आणि उचलायला लागला!

गाडी अशी किंचाळली की ढाब्यावरची कुत्री पळाली. मालक हातात रोटी घेऊन धावत आला. “ए! हाथ क्यों लगाया?”

गजभिये अगदी शांत. “साब, एकदम बराबर भरी है. ना उलाळ, ना धुरजड.”

मालकाला काय कळणार कपाळ! तो आमच्याकडे असा बघत होता की मी मोटरसायकलकडे सरकायला लागलो. डोमाजी पुढे झाला, हात जोडले आणि गजभियेकडे बोट दाखवून म्हणाला, “छोड दो साब, हमारा आदमी दिमाग से थोडा कमी है.” तेवढ्यावर सुटलो. वरठीत उतरल्यावर गजभिये डोमाजीचा दंड धरून म्हणाला, “तू बी पायलं ना? खरं सांग.”

“चांगली होती,” डोमाजी म्हणाला. “इंजिन समोर असतं त आणखीन चांगली राहती.”

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर डोमाजीला लकवा मारला. सकाळी दात घासता घासता पडला. दवाखान्यातून घरी आणला, पण बोलणं गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, मेंदूला समजतं आहे, ऐकूही येतं आहे. त्याच्याशी बोलत राहा, राग येऊ द्या, हसू येऊ द्या, कधी तरी शब्द फुटेल. लवकर फुटला तर फुटला, पुढे कठीण आहे.

त्यानंतर दीडेक महिन्याने टपरीवर एकाच्या मोबाइलवर बातमी आली. पिढ्यान्‌पिढ्या स्पोर्ट गाडीचं इंजिन समोरच ठेवणाऱ्या एका परदेशी कंपनीने नवी गाडी काढली होती, आणि इंजिन चक्क मध्ये! लोक ओरडलेच. “जितले जी गजभियेभाऊ! घ्या, चहा पाजा!”

वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आलं होतं. गजभियेने मोबाइल हातात घेतला, चित्र बघितलं, परत दिला. “हो का,” म्हणाला. झालं. चहासुद्धा घेतला नाही.

मग तर त्याची दशा बघवेना. आमची माणसं चांगली आहेत, पण अक्कल कमी. त्याला बरं वाटावं म्हणून तो म्हणेल त्याला सगळे हो म्हणायला लागले. “वजन मधातच पायजे भाऊ, अगदी खरं हाये तुमचं.” यावर गजभिये भडकायचा. “तुमाले का समजते बे? काहून पायजे, सांगा!” कोणालाच सांगता यायचं नाही. एकदा रूपचंदला त्याची दया आली. तो म्हणाला, “पण भाऊ, गरमीचं कसं करता?” गजभियेचा चेहरा उजळला. बाकावर पुढे सरकून बसला. म्हणाला, दोन्ही बाजूंनी हवा घेते, जाळ्या आहेत. रूपचंद म्हणाला, “तरी पण तापनच ना?” याने आणखी काही सांगितलं. तिसऱ्या वाक्याला रूपचंदचं दूध उतू गेलं. “असन जी, बरोबर हाये तुमचं,” म्हणत तो उठला. गजभिये बाकावर तसाच बसून राहिला. मला त्या दिवशी इतकं वाईट वाटलं की मी उगीचच बिडी मागितली, जी मी ओढत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो टपरीवर यायचा बंद झाला. सुट्टी झाली की सायकल काढायचा आणि रेल्वेलाइनीपलीकडे निघून जायचा. लोक म्हणाले, जिंकला आणि डोक्यात हवा गेली. मीही म्हणालो, खोटं कशाला बोलू.

असे आणखी चार महिने गेले, तरी मी डोमाजीला एकदाही बघायला गेलो नव्हतो. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. आजारी माणसासमोर काय बोलावं ते मला कळत नाही. शेवटी एका रविवारी चार केळी घेऊन संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. बाहेर गजभियेची सायकल उभी होती. आतून भांडणाचा आवाज येत होता. म्हटलं, बोलला की काय डोमाजी!

छपरीत बाजेवर डोमाजी उशीला टेकून होता. नजर छताला. इतका वाळला होता की मी दारातच थांबलो. बाजेच्या एका बाजूला स्टुलावर बसून गजभिये हातवारे करत होता. “पाह्य, कंपनीनं बी मानलं. मधात ठेवलं त मोडावर गाडी जागच्या जागी वळते. आता बोल!”

डोमाजी छताकडेच पाहत होता. मग गजभिये उठला, बाजेला वळसा घालून पलीकडच्या बाजूला जाऊन बसला, आणि आवाज खर्जात घेऊन म्हणाला, “अबे गजभिये, कंपनी शहाणी झाली काय? उद्या इंजिन बिघडलं त फिटर जाईन कुठून? सीट काढन का छत फोडन? समोर रायलं त झाकण उघडलं का हात घातला. तू सोता फिटर होय ना बे? लाज नाही वाटत?”

पुन्हा उठला. पुन्हा अलीकडे. “ते... ते त हाये. पण वजन...”

पुन्हा पलीकडे. “वजन, वजन! घरच्यायले सोडून दोन माणसं कुठी फिराले जातेत वजन घेऊन? गाडी म्हंजे घर होय. सारे बसले पायजेत.”

डोमाजीने वीस वर्षांत इतकं चांगलं मांडलं नव्हतं. मी दारात केळी धरून उभा होतो. गजभिये अलीकडे येऊन स्टुलावर बसला आणि म्हणाला, “बरोबर हाये तुहं, डोमा. हारलो मी. समोरच पायजे.”

आणि वाकून तो त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. नदीकडून कोणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता.

डोमाजीची बायको पारबताबाई माझ्या हातातली केळी घ्यायला आली. पदराने डोळे पुसत हळूच म्हणाली, “रोज हारतेत जी ते. चार महिने झाले, एक दिवस चुकला नाही. पहिले पहिले हे हासत होते, गजभियेभाऊ हारले का. थोडंसंच, पण हासत होते. डाक्टर म्हणाले, हासतेत त बोलतीन. आता हासत बी नाही.”

मी डोमाजीच्या पायांना हात लावला. त्याने माझ्याकडे बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही.

निघताना गजभिये माझ्यासोबत बाहेर आला. सायकलचं स्टँड काढता काढता, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, “तुमी दारात होते. तुमाले तोंड दिसून राहिलं असन त्याचं. मी हारलो म्हणालो तवा हासला का जी तो? माह्या डोळ्यात पाणी आलं होतं, मले नीट नाही दिसलं.”

मला ते पाहवेना. “हासला,” मी म्हणालो. “अगदी जरासं. उजव्या बाजूनं.”

गजभियेने सायकल पुन्हा स्टँडवर लावली.

“उजवी बाजू त पडला तवापासून मेली हाये भाऊ त्याची,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी मान खाली घातली, मला माझीच लाज वाटली.

मग माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, “उद्या या जी तुमी. डोमाच्या बाजूनं तुमी बोला. दोन्ही बाजूनं बोलणं आता माह्यानं होऊन नाही राहिलं.”

मला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही. मी येतो म्हणालो.