पडीक बोरं

भगतकाकांना नमस्कार केला तरी ते आधी हरकत घेतात. "माही हरकत हाय" हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलंय की, काकू होत्या तेव्हा ताटात भाजी वाढून त्या जरा थांबायच्या, हरकत येऊ द्यायच्या आणि मगच पोळी वाढायच्या.

नाचणगावात त्यांचं आणि माझं घर भिंतीला भिंत लावून आहे. एसटीतून निवृत्त झाल्यापासून काकांना हरकतींना भरपूर वेळ मिळतो. शेजारच्या लग्नात ऐन वेळी उभं राहून त्यांनी हरकत जाहीर केली, तेव्हा नवरीचा बाप हातातल्या अक्षता टाकून पुढे धावला. नवरदेवाकडचे एकमेकांकडे पाहू लागले. हरकत एवढीच होती की, मांडववाल्याने भोंगा कडुनिंबाला तारेने आवळला होता. काकांनी खुर्चीवर चढून तार सोडली, आपल्या दुपट्ट्याने भोंगा बांधला आणि म्हणाले, "आता लावा लगन."

अशा माणसाच्या गावाबाहेरच्या झुडपी जंगलावर सरकारने गोदामांचा भला मोठा प्रकल्प मंजूर केला. बोरी, हिवर, पळस असं काट्याकुट्यांचं ते रान. मंजुरीच्या कागदात त्याला 'पडीक जागा' म्हटलं होतं. त्या शब्दाने काका जे पेटले ते पेटलेच. पर्यावरणाची सुनावणी तेवढी बाकी होती. तोवर त्यांनी गावातल्या एकेकाला धरून रान दाखवायला नेलं. आमचे रविवार गेले, माझ्या दोन चांगल्या ओढण्या फाटल्या. तितर भुर्रकन उडाला की म्हणायचे, "हे पाय, पडीक तितर." मोर दिसला की तोही पडीक. वर खिशातून मूठ काढून, "घे, पडीक बोरं खा." बोरं गोड असायची, त्याला माझी हरकत नव्हती.

सुनावणी शाळेच्या पटांगणात झाली. काकांनी आपलं भाषण माझ्या ओट्यावर इतक्यांदा म्हटलं होतं की मलाच ते पाठ झालं होतं. त्यांनी साहेबांच्या टेबलावर बोरांची पिशवी ठेवली आणि हरकत असल्याचं सांगितलं. साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी साधंच विचारलं, तुमची तिथे शेती आहे का? नव्हती. गुरं चरतात का? काकांकडे गुरंच नाहीत. मग प्रकल्पाने तुमचं नेमकं काय नुकसान होणार?

काका भाषण विसरले. मागे कोणीतरी हसलं, आणि मला त्याचा असा राग आला की काय सांगू.

"साहेब," काका शेवटी म्हणाले, "आमचं लगन झालं तवा घरात एकच खोली होती. माय, बाप, भाऊ, सारे तिथंच. बायकोशी बोलाव त कुठी बोलाव? मंग सरपण आणाच्या नावानं आमी दोघं त्या रानात जाऊ. जे काय बोललो ते तिथंच बोललो. आता घर मोठं हाय, पन बुढी नाई. बोलाव वाटलं त मी अजून तिकडंच जातो."

साहेबांनी ते सगळं जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं. निर्णय अजून आलेला नाही.

परवा दिवेलागण झाली तरी काका परतले नाहीत, म्हणून मी त्यांना शोधायला गेले. बोरीच्या जाळीपलीकडून त्यांचा आवाज आला. कांदे किती महागलेत ते सांगत होते, पुण्याहून पोराचा फोन आला नाही ते सांगत होते. मग जरा थांबून म्हणाले, "अवं, तो साहेब चांगला मानूस हाय. समदं लिहून घेतलं त्यानं. हे जागा कुठी जात नाई. तू फिकर नको करू."

त्यांना हाक न मारताच मी मागे फिरले.