खोकला गेला, खोळंबा राहिला

पोटाचा कारभार सुरळीत असेपर्यंत त्याची दखल कुणी घेत नाही. ढवळाढवळ झाली की मात्र अख्ख्या घराला तो पाठ होतो. आमचे वडील, अण्णा, छत्तीस वर्षं एका कार्यालयात आवक-जावक सांभाळत होते. निवृत्तीनंतर त्यांनी तशीच नोंदवही घरी उघडली. आवक स्वयंपाकघरातून. जावक... असो. (शेऱ्याचा रकाना स्वतंत्र आहे. तो आम्ही वाचत नाही.)

थंडीत अण्णांना खोकला झाला. डॉक्टरांच्या औषधाने तो पाच दिवसांत गेला. पण हे औषध घशासोबत आतड्यालाही गप्प बसवतं. जावक बंद! म्हणून रेचक आलं. रेचकाने कामात कसूर केली नाही: एका दिवसात नऊ नोंदी. म्हणून थांबवणारी गोळी आली. ती इतकी प्रामाणिक, की चार दिवस पान कोरं. मग आतडं चालवणारी गोळी. मग ते चाललं म्हणून मुरडा, मुरड्यावर गोळी, त्या गोळीने पुन्हा खोळंबा आणि रेचक दुप्पट. दर वेळी नवा डॉक्टर, आणि प्रत्येकाने यादीत भरच घातली.

घरगुती पाहणीनुसार सकाळी सात ते नऊ संडासाच्या दाराशी सरासरी पावणेतीन माणसं उभी असत. (पाऊण म्हणजे माझी मुलगी.)

ही पाऊण व्यक्ती शाळेच्या नाटकात झाड होणार होती. "आजोबा, पहिल्या रांगेत बसायचं. मधेच उठायचं नाही हं!" अण्णांनी शब्द दिला आणि स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "दीड तास! माझं काही खरं नाही रे." त्यांचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. (याला नोंदवहीत रकाना नाही.)

आईने औषधांचा डबा टेबलावर पालथा केला.

"अहो, ही बाटली कशाची?"

"खोकल्याची."

"आणि खोकला कुठाय?"

"गेला की. चार महिने झाले."

"मग दर वेळी नवी बाटली आणून ढोसताय कशाला?"

"बंद करा असं कुणी कळवलं नाही."

छत्तीस वर्षांत वरून आदेश आल्याशिवाय अण्णांनी एकही फाइल बंद केली नव्हती.

आईने पहिल्या डॉक्टरांना फोन लावला. "अजून घेतायत? अहो, ते पाच दिवसांचं होतं!" त्यांनी सगळी यादी मागवली आणि एकेक औषध कमी करत आणलं.

तीन आठवड्यांनी नाटक झालं. झाड दोनदा हललं, अण्णा एकदाही नाही. त्या दिवशीचा शेरा त्यांनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला: "सर्व सुरळीत."

आता वाचकहो, तुमच्या डब्यातली पहिली गोळी कशासाठी सुरू झाली होती? आठवा, पण जरा लवकर. हे जिथे बसून वाचताय तिथे तुम्हाला बराच वेळ झालाय, आणि बाहेरून कुणीतरी दार वाजवतंय.