अण्णासाहेब वाकले कशासाठी

भोकरदनच्या शाळेच्या मैदानावर बेसबॉलचा चेंडू हेडमास्तर अण्णासाहेबांच्या जोडलेल्या हातांवर फाडकन आदळला, आणि पंच म्हणून मागं उभ्या असलेल्या देवानंद मास्तरनं कपाळाला हात लावला. मार अण्णासाहेबांना बसला होता, घाम मात्र देवानंदला फुटला.

त्याला कारणही तसंच होतं. देवानंदची नोकरी दोन वर्षं तात्पुरती. कायम करण्याच्या कागदावर सही संस्थेचे अध्यक्ष दीपचंदशेठ करणार, पण अण्णासाहेबांनी शिफारस केली तर. आणि शिफारशीचा विषय काढला की अण्णासाहेब म्हणायचे, "बघू. आधी बेसबॉल होऊन जाऊ द्या."

१९७६ साली हे बेसबॉल प्रकरण तालुक्यात नवंकोरं होतं. औरंगाबादच्या दहा दिवसांच्या शिबिराला कुणीतरी जायला हवं, म्हणून चित्रकलेच्या देवानंदला धाडलं गेलं. येताना तो नियमांचं पुस्तक आणि पंचगिरी, दोन्ही गळ्यात अडकवून आला. आज घनसावंगीच्या मास्तरांशी सामना होता. बरोबरी झाली तर ढाल पाहुण्यांची, असं अण्णासाहेबांनीच मोठ्या मनानं आधी जाहीर केलं होतं, आणि आता नेमकी सात-सात अशी बरोबरी होती. शेवटची पाळी, दोन गडी बाद, तिन्ही बेसवर भोकरदनचे मास्तर पळायच्या तयारीत, बॅट अण्णासाहेबांच्या हातात. दोन स्ट्राइक होऊन गेलेले. म्हणजे दोन चेंडू त्यांनी नुसते प्रेमानं पाहिले होते.

तिसरा चेंडू घनसावंगीच्या तातेराव मास्तरांनी फेकला आणि त्याच क्षणी समोरच्या फाटकातून दीपचंदशेठ आत आले. अण्णासाहेबांना चेंडू दिसला की नाही कोण जाणे, शेठ दिसले. अध्यक्ष आले की हातातलं काम टाकून नमस्कार करायचा, हा त्यांचा वीस वर्षांचा परिपाठ. त्यांनी बॅट बगलेत मारली, हात जोडले आणि कमरेत वाकले.

"लागला! सरांना लागला!" भोकरदनचे मास्तर नाचायलाच लागले. चेंडू अंगाला लागला की फलंदाजाला पहिला बेस फुकट. तो गेला की बाकीचे एकेक बेस पुढं सरकणार, तिसऱ्यावरचा घरी येणार, म्हणजे एक धाव जास्त, आणि ढाल भोकरदनची.

देवानंद धावला. "सर, लागलं का?"

अध्यक्षांसमोर लागलं म्हणणं अण्णासाहेबांच्या रक्तातच नव्हतं. सुजत चाललेली बोटं त्यांनी कोटाच्या खिशात लपवली. "हॅट! बिलकुल लागलं न्हाई."

"ऐका!" तातेराव ओरडले. "सर सोता सांगून राह्यले, लागलं न्हाई. मंग बेस कशाचा?"

"तसं न्हाई हो," अण्णासाहेब घाईघाईनं म्हणाले. "चेंडू लागला. पण मला लागलं न्हाई."

हे कळायला लोकांना जरा वेळ लागला. शेवटी घनसावंगीच्याच मराठीच्या मास्तरांनी 'लागला' आणि 'लागलं' यांतला फरक आपल्या संघाला समजावून दिला. त्याबद्दल तातेरावांनी त्यांच्याकडे खाऊ का गिळू असं पाहिलं.

"बरं, लागला तर लागला," ते म्हणाले. "पन चुकवायला पायजे का न्हाई? देवानंद मास्तर, सकाळी तुमीच वाचून दाखवलं. चुकवायची कोशिश केली न्हाई तर बेस न्हाई."

"मंग सर वाकले ते काय उगंच?" भोकरदनकर खवळले.

"चेंडूसाठी न्हाई वाकले. शेठसाठी वाकले!"

सगळे देवानंदकडे वळले. चुकवायला वाकले असतील तर बेस. नसतील, आणि चेंडू गुडघा ते बगल यांच्यामधून सरळ येत असेल, तर तो स्ट्राइक; म्हणजे तिसरा; म्हणजे अण्णासाहेब बाद. चेंडू सरळ आलेला देवानंदनं स्वतः पाहिला होता. वाकणंही पाहिलं होतं. खरं बोलावं तर नोकरी जाते आणि खोटं बोलावं तर आपल्याच तोंडाकडे आरशात बघवणार नाही. शेवटी त्यानं पळवाट काढली.

"सर, तुम्हीच सांगा. वाकलात ते चेंडू चुकवायलाच ना?"

अण्णासाहेबांनी तोंड उघडलं. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दीपचंदशेठ पुढं आले. नमस्काराला उत्तर म्हणून जोडलेले त्यांचे हात अजून तसेच होते.

"अरे, म्या समजलो मला नमस्कार केला," ते म्हणाले, आणि हात हळूहळू खाली यायला लागले.

"तुम्हालाच, शेठजी!" अण्णासाहेब किंचाळले. "चेंडूला कोण विचारतं? तुम्हालाच केला!"

"तिसरा स्ट्राइक," देवानंदच्या तोंडून निघून गेलं. "बाद."

स्वतःचा आवाज ऐकून तो स्वतःच हादरला. ढाल घनसावंगीच्या मंडळींबरोबर बसमध्ये चढली. जाता जाता अण्णासाहेब एवढंच म्हणाले, "उद्या ऑफिसात या."

दुसऱ्या दिवशी देवानंद राजीनामा लिहूनच गेला. खुर्चीत शेठ बसले होते. शेजारी अण्णासाहेब, उजव्या हाताला ही जाड पट्टी.

"काय हेडमास्तर," शेठनी विचारलं, "कालचा निकाल गलत होता का?"

गलत म्हणावं तर नमस्कार खोटा ठरत होता. अण्णासाहेबांनी पट्टीकडे पाहिलं. "न्हाई शेठजी. बराबर दिला."

"खुद्द हेडमास्तरला बाद देतो! असा मानूस हातचा घालवायचा न्हाई. करा शिफारस."

अण्णासाहेबांनी डाव्या हातानं, एकेक अक्षर कोरत शिफारस लिहिली. देवानंदला हे सगळं दुसऱ्याच कुणाचं चाललंय असं वाटत होतं. राजीनामा त्यानं खिशातल्या खिशात चुरगाळला. शेठनी पेन उघडलं, कागदावर टेकवलं आणि थांबले.

"खेळ लई आवडला मला," ते म्हणाले. "येत्या आइतवारी आपल्या-आपल्यात एक मॅच ठेवा. बॅट म्या धरनार. पंच हेच मास्तर. सही मंग करू, खेळ झाल्यावर." आणि पेनाचं टोपण लागलं.

देवानंदनं चाचरत विचारलं, "शेठजी... चेंडू कोण टाकणार?"

अण्णासाहेब सकाळपासून पहिल्यांदाच हसले.

"मी टाकतो," ते म्हणाले. "डाव्या हातानं."