मकाका, मकाकी, मकाकू

चहा थंड व्हायच्या आत भाचीचं नाव काढून देतो, असं मी मुलुंडला बहिणीच्या घरी छाती पुढे काढून सांगितलं. मला तसं खरंच वाटत होतं हो! अंधेरीच्या ज्या कंपनीत मी प्रोग्रॅम लिहायचो, तिथला टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर साहेबांच्या मिनतवाऱ्या करून रविवारपुरता आणला होता.

त्याच संध्याकाळी बारसं. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, फक्त नावाचा पत्ता नाही. अक्षर आलं होतं 'म'. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे वनमालाताईंचा. पण त्यांनी सुचवलेलं प्रत्येक नाव त्यांच्या आईने, रत्नप्रभाबाईंनी, मोडीत काढलं होतं. मालती म्हणजे जुनी भांडखोर शेजारीण, मीना म्हणजे खालच्यांची मांजर. शेवटी वनमालाताई म्हणाल्या की तुम्ही ठरवाल ते मी कानात सांगेन, आणि कुंचीला लेस लावत कोपऱ्यात बसल्या. माझी बहीण अनुपमा मला हळूच म्हणाली, "जयवंत, काहीतरी कर रे. वन्सं बोरिवलीहून किती हौसेनं आल्यात."

म्हणून मी मशीन मांडलं. सगळ्यांना समजावलं की याची मेमरी चिमणीच्या पोटाएवढी, त्यामुळे हे सगळी नावं आधी बनवून ठेवत नाही. बटण दाबलं की एक नाव बनवतं, दाखवतं आणि थांबतं. पुन्हा दाबलं की तिथून पुढचं. मागचं विसरून जातं.

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखंच," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

'म'ला पुढची दोन अक्षरं जोडायची, असा साधा हिशेब. मी बटण दाबलं आणि पडद्यावरची इंग्रजी अक्षरं वाचली. मकाका. मग मकाकी. मग मकाकू.

रत्नप्रभाबाईंनी विचारलं की पोरीच्या नावात सगळे नातेवाईक घालायचे आहेत का. मी म्हटलं, धीर धरा, पुढे चांगली येतील. तेवढ्यात पाहुणे येऊ लागले. भाऊजींनी, म्हणजे नंदकिशोररावांनी, घुगऱ्यांची परात आणली आणि जागा नाही म्हणून टेकवली ती नेमकी कीबोर्डवर. नावं अशी सुटली, जणू पोत्यातून वाटाणे!

"थांब!" वनमालाताई उठल्याच. "आत्ता गेलं ते. किती गोड होतं."

मी परात उचलली. कोणतं, विचारलं, तर त्यांना आठवेना. शेवटी 'ली' होतं म्हणाल्या. मागे ने, असं सगळ्यांनी सांगितलं. मागे जाता येत नाही हे मी सांगितलं. पुन्हा मकाकापासून सुरुवात केली. भाऊजींनी परात पुन्हा मुद्दाम ठेवली. पाहुण्यांसकट सगळे डोळे फाडून पडद्याकडे. गोड नाव कुणालाच दिसलं नाही. रत्नप्रभाबाईंना मात्र 'मसाला' स्पष्ट दिसलं.

या गोंधळाने बाळ जागं झालं आणि टाहो फोडला. अनुपमाने घेतलं, आजीने घेतलं, रडं थांबेना. मग वनमालाताईंनी तिला छातीशी धरलं आणि खिडकीपाशी नेलं. तिथे तुळशीची कुंडी होती. तिला थोपटत त्या पुटपुटत राहिल्या, मनू, माऊ, मोती, मंजू, मंजिरी. मंजिरीला बाळ एकदम गप्प झालं. त्यांनी पुन्हा म्हटलं. बाळाने त्यांचं बोट पकडलं.

रत्नप्रभाबाईंनी तोंड उघडलं. आता कोणती मंजिरी निघते, असं आम्हाला वाटलं. त्या लेकीकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "वने, उभी काय राहिलीस? पाळण्यात घाल तिला. कानात सांग."

वनमालाताईंनी पाळण्यावर वाकून कानात नाव सांगितलं. अनुपमा डोळे पुसत होती.

गर्दी पांगल्यावर भाऊजी मशीनपाशी आले. माझी त्यांना दया आली असावी. म्हणाले, "जयवंता, आणखी थोडं थांबलो असतो तर यानेही मंजिरी दिलंच असतं ना?"

मी प्रोग्रॅम डोळ्यांपुढे आणला. त्यात प्रत्येक व्यंजनापुढे स्वर यायचा. मंजिरीतल्या 'एन' आणि 'जे'सारखी दोन व्यंजनं शेजारी यायची सोयच मी केली नव्हती. पोर नांदायला गेली असती तरी मंजिरी आलं नसतं.

"आलंच असतं, भाऊजी," मी म्हटलं आणि टीव्हीची वायर काढली.