दवाखान्यातला बरळणारा बोर्ड

अरे ऐका, दाजींचा मेहुणा म्हणजे साधासुधा माणूस नव्हे! त्याच्याच शब्दांत सांगायचं तर 'वायरींच्या मनातलं ओळखणारा एकमेव गुप्तहेर'. एकमेव, कारण दुसऱ्या कुणाला एवढा वेळ नाही. कचेरी? सख्ख्या ताईच्या दातांच्या दवाखान्यामागची खोली. भाडं शून्य, रुबाब फुल्ल. मदतनीस? ताईचा नवरा, बिचारे दाजी.

ताईने पेशंटचे नंबर दाखवायला भंगारातून दिव्यांचा बोर्ड आणला. त्याला नंबर पाठवणारा बटणांचा डबा अर्धमेला, म्हणून त्याच्या जागी मेहुणा स्वतःची चिप बसवणार होता.

"पेशंट यायच्या आत बोर्ड चालला नाही, तर खोली रिकामी कर. मला तिथे कपाट ठेवायचंय," ताईने बजावलं.

डबा बोर्डाशी काय बोलतो ते मेहुण्याने लॅपटॉप लावून चोरून ऐकलं आणि जसंच्या तसं चिपकडून वदवलं. पाठवला 'एक', बोर्डावर उमटल्या वेड्यावाकड्या रेघा. पुन्हा 'एक', तर दुसऱ्याच रेघा!

"दाजी, बोर्ड खोटं बोलतोय!"

"त्याला काय मिळणार रे खोटं बोलून?"

"तेच तर शोधायचंय!"

आधी म्हणे बोर्ड तोतरा आहे, सावकाश बोलून बघू. बरळणं तेच. मग म्हणे शेजारचा लाँड्रीवाला मधूनच लहरी सोडतो. दाजी पाळतीवर गेले आणि इस्त्रीचे कपडे घेऊन आले.

"मग गुन्हेगार घरातलाच! दाजी, काल रात्री कुठे होतात?"

"तुझ्या ताईशेजारी. घोरलो त्याची साक्ष तीच देईल."

इतक्यात ताई आली. बोर्ड राहिला बाजूला, ती बघतेय तो टांगलेल्या खिळ्याकडे.

"डब्यातून बोर्डात दोन वायरी जायच्या ना? तुझ्या चिपमधून एकच कशी? आणि ही काळी वायर खिळ्याला का?"

"त्या वायरीनेच बोर्ड टांगलाय. कसून चौकशी केली, ताई! पांढरी पोपटासारखी बोलली, काळी हूं की चूं नाही. निरुपयोगी! टाकली कापून."

"जोड आधी!"

दाजींनी बोर्ड दोन्ही हातांनी उचलून धरला, मेहुण्याने काळी वायर चिपला जोडली. बोर्डावर लख्ख 'एक'! बोलायचं काम पांढरीचं, पण विजेचं शून्य कुठून मोजायचं ते चिप आणि बोर्ड दोघांना काळीच सांगते.

"बघा! मी तिला खिळ्यावर नजरकैदेत ठेवली, म्हणून सापडली," मेहुणा म्हणाला. "मग ताई, खोली माझीच ना?"

"तुझीच. पण पेशंटची नवी खुर्ची अजून कुणावर तपासली नाहीये. चल, नंबर एक!"

बोर्ड धरून दाजींच्या हातांना रग लागली, पण हा देखावा सोडून तो खाली ठेवायला जातो कोण! लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, त्या खुर्चीत, मेहुण्याचं तोंड सताड उघडं होतं आणि त्यातून एक शब्द बाहेर पडत नव्हता.