कोरडे दात आणि ओले सासरे

सूनबाईचं सिमेंट काही केल्या दाताला धरेना. दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाचा तिचा प्रयोग तसा साधा होता. रुग्णांचे काढलेले दात धुऊन खडखडीत वाळवायचे, नव्या सिमेंटने त्यांवर धातूचं बटण चिकटवायचं आणि किती जोराने ओढल्यावर ते सुटतं, हे यंत्रावर पाहायचं. बटणं यंत्राला पाहूनच सुटत. सोमवारी सरांना निकाल दाखवायचा होता, नाहीतर वर्ष पाण्यात. सिमेंटची नळी तिने घरच्या फ्रीजमध्ये आणून ठेवली होती.

रविवारी सासऱ्यांच्या पुढच्या दाताची कॅप चहात पडली. संध्याकाळी सोसायटीच्या सभेत त्यांचं भाषण. पण सुनेपुढे तोंड वासायचं? छे! त्यांनी चूळ भरली, नळी घसघशीत पिळली आणि कॅप बसवून, खुर्चीचा पाय चिकटवताना दाबतात तसे दात घट्ट आवळून धरले.

"म्म्म! म्म्म!"

"काय झालं हो?" सासूबाई धावल्या. वरचे दात खालच्यांना जडलेले पाहून त्या शांतपणे समोर बसल्या. "बरं झालं. तुमच्या बहिणीच्या लग्नापासून एक गोष्ट सांगायची राहिलीय."

तेवढ्यात सूनबाई आली. तिने कॅप हलवून पाहिली, ओढली. ढिम्म!

"बाबा, दात पुसला होता?"

मान नकारार्थी हलली.

"म्हणजे ओल्या दातावर लावलंत? आई, धरलं! ह्याला ओल हवी होती, आणि मी मेली वाळवत बसले!"

"अगं, त्यांना सोडव आधी."

"अजून थोडा वेळ राहू दे ना, किती टिकतंय बघते."

"राहू दे की," सासूबाई म्हणाल्या, "माझं तरी कुठे संपलंय?"

कॉलेजात ड्रिलने तोंड उघडेपर्यंत सभा आटोपली होती. त्यांच्या भाषणावाचून ती प्रथमच वेळेत संपली, म्हणून शेजारी फुलं घेऊन त्यांची तब्येत विचारायला आले. सोमवारी ओल्या दातांवर यंत्र कण्हलं. दात तुटला, बटण हललं नाही.

प्रबंधात सरांच्याही आधी आभार छापले गेले: 'सासऱ्यांचे, तोंड मिटून केलेल्या सहकार्याबद्दल.'

सासऱ्यांचे डोळे भरून आले. तेव्हापासून येईल त्या पाहुण्याला ते हे पान मोठ्याने वाचून दाखवतात आणि पुढे तासभर त्याचा अर्थ सांगतात. परवा असंच निरूपण रंगात आलेलं असताना सासूबाई स्वयंपाकघरात येऊन कुजबुजल्या,

"काय गं, त्या नळीत उरलंय का थोडं?"