हत्तीने घेतलेलं बीळ

एका जंगलात, म्हणजे नीट सांगायचं तर जंगल जिथे संपतं तिथे, एक माळ होता. बसलात का बाळांनो? ए, तो मोबाईल ठेव आधी खाली. हां.

तर माळ. पूर्वी तिथे कुणी फिरकत नसे. कुसळी गवत, चार बाभळी आणि वर घिरट्या घालणारी घार. पुढे आतल्या जंगलात फार गर्दी झाली. एकेका फांदीवर तीन-तीन माकडं झोपू लागली. मग माळावर एक खोकड आलं. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा भाऊ, अंगानं लहान आणि तोंडानं मोठा. त्यानं बाभळीला पाटी लावली, 'नवा माळ! जंगलापासून फक्त पाच मिनिटं.'

पाच मिनिटं हरणाला लागायची. तीही मागे बिबट्या लागला असेल तर. पण एवढं सगळं पाटीवर कसं मावणार?

धोंडाबाई नावाची एक घूस होती. तिनं बिळं खोदली. एक नाही, दोन नाही, चारशे तेरा. खोकडानं बीळ विकलं की दाराला आंब्याच्या पानांचं तोरण लागायचं. माळाचा रिवाजच होता तसा, तोरण हिरवं म्हणजे घर भरलेलं. तोरण वाळलं की मालकानं गडी पाठवून नवं लावायचं.

बाभळीवर एक पिंगळा, म्हणजे घुबडाचा छोटा भाऊबंद, बसायचा. हा अर्थतज्ज्ञ. वर्षातून एकदा तो फांदीवरूनच तोरणं मोजायचा आणि पुढचं वर्ष कसं जाईल ते सांगायचा. खाली उतरून बिळात डोकावणं त्याला शोभत नसे.

"सगळी बिळं भरलेली!" पिंगळा म्हणायचा. "मागणी जबरदस्त. भाव वाढणार!"

झालं. सगळे धावले. मोरानं दोन घेतली. बगळ्यानं तीन घेतली. हत्तीनंही एक घेतलं.

"गजराज, आत पाय तरी जातो का तुमचा?" धोंडाबाईनं विचारलं.

"राहायचंय कुणाला?" हत्ती म्हणाला. "गुंतवणूक आहे."

आता बाळांनो, त्याच माळावर सावळी नावाची एक सशीण होती. ती उघड्यावर राहायची, गवतातल्या खळग्यात. मागच्या खेपेला घारीनं तिचं एक पिल्लू उचललं होतं. आता ती पुन्हा पोटुशी होती. तिला भाव नको होता, वाढ नको होती. डोक्यावर छप्पर हवं होतं, बस्स.

ती खोकडाकडे गेली. "शेठ, एखादं लहानसं बीळ मिळेल का हो?"

"अरेरे, वहिनी! गेल्या वर्षी यायचं होतंत!"

"गेल्या वर्षी आले होते. तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात."

"मग? खरं बोललो की नाही मी?"

सावळी कान पाडून परत निघाली. वाटेत धोंडाबाई भेटली.

"अगं बये, पोट एवढं आलंय आणि उन्हाची कुठं हिंडतेस?" घूस खेकसली. "शीर त्या हत्तीच्या बिळात! मीच खोदलंय, ऐसपैस आहे. तो काय मेला राहायला येतोय?"

"आणि कुणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय! इथं बिळात डोकावलंय कुणी आजवर?"

सावळी आत शिरली. तिसऱ्या दिवशी बाळंत झाली. चार पिल्लं झाली, गोरीगोमटी. घारीची सावली दारावरून सरकली आणि पुढे निघून गेली. त्या दुपारी सावळी किती दिवसांनी डोळे मिटून झोपली. मला विचाराल तर, माळावरची ती एकच दुपार सांगण्यासारखी होती.

पण पिल्लं ती पिल्लंच. दात आले. दाराशी हिरवीगार पानं लोंबत होती. चौघांनी मिळून तोरण खाऊन टाकलं, दोऱ्यासकट.

नेमकी मोजणी त्याच आठवड्यात आली. पिंगळ्यानं मोजलं. पुन्हा मोजलं. मग तो असा काही किंचाळला की आतल्या जंगलात ऐकू गेलं.

"चारशे बारा भरलेली. एक रिकामं!"

माळावर एकच हलकल्लोळ उडाला. घर रिकामं पडलं! म्हणजे मागणी घटली! मोर रडू लागला. बगळा तिन्ही बिळं मिळेल त्या भावात फुंकायला निघाला. हत्तीला घेरी आली आणि तो दोन झाडांवर पडला.

खोकड धावत त्या बिळापाशी आलं. आतून पाच जोड्या डोळे त्याच्याकडे बघत होते.

"हे काय?"

"शेठ, रिकामं नाहीये हो," सावळी घाईनं म्हणाली. "उलट हे एकच भरलेलं आहे. बाकीची बघा जाऊन."

"बाकीच्यांना तोरण आहे, वहिनी. तुमच्याला नाही."

"पण आम्ही राहतो ना इथे!"

"तेच तर! राहता म्हणूनच ही वेळ आली. सगळा माळ बुडवलात तुम्ही."

पिंगळा वरून मान डोलवत होता. सावळी हात जोडून म्हणाली, "निदान पिल्लं पळायला लागेपर्यंत तरी. वर घार आहे हो, पिंगळेकाका."

"घार माझ्या विषयात येत नाही," पिंगळा म्हणाला.

सावळीला पिल्लांसकट बाहेर काढलं. दाराला नवं तोरण लावलं, चांगलं दुहेरी. मोजणी पुन्हा झाली. चारशे तेरापैकी चारशे तेरा भरलेली! मोरानं पिसारा फुलवला. हत्तीनं आनंदानं आणखी एक बीळ घेतलं. धोंडाबाई तेवढी पाय आपटत आपल्या कामाला गेली.

पुढच्या वर्षी पिंगळ्यानं फांदीवरून नवा अंदाज वाचला. भाव वाढले होते. शिवाय एक आनंदाची बातमी होती. माळावर उघड्यावर राहणाऱ्यांची संख्या घटली होती. गेल्या वर्षी पाच होते, आता चारच उरले. "असंच चालू राहिलं," पिंगळा म्हणाला, "तर घरांचा प्रश्न आपोआप सुटेल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गवतातल्या खळग्यात सावळीनं उरलेली तीन पिल्लं पोटाखाली ओढून घेतली.

तात्पर्य : घर जरूर घ्यावं, तोरण जरूर लावावं, पण आत राहायला जाऊ नये. राहणारी माणसं आली की घरं रिकामी दिसू लागतात.